पोळीवर उमटलेला कुत्रा

सर्व संबंधितांना, तसेच ज्यांचा या प्रकरणाशी काडीचाही संबंध नाही अशा समस्त नागरिकांना, अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, लखनौ शहरातील महानगर भागात सार्वजनिक शांततेस मध्यंतरी जो धोका उत्पन्न झाला होता, तो पोळ्यांच्या एका रुमालामुळे उत्पन्न झाला होता. सदर रुमाल सुती होता. त्यात जेवणाच्या डब्यातल्या चार पोळ्या गुंडाळता येत होत्या. तो घरोघरी पोचवण्याचा कट रचणारी महिला बँकेत नोकरीस असून तिला साखरेची नुकतीच सुरुवात झालेली आहे आणि तिचे अक्षर वाईट आहे. ती महिला प्रस्तुत लेखिकाच होय.

सरकारी मराठी इथेच ठेवते. फार वेळ बोललं की घसा धरतो.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक बाग आहे. बाग म्हणजे तिकोनी तुकडा, त्यात तीन कडुनिंब, पाठ मोडलेला एक बाक आणि मधोमध एक गोल टाकं. त्या टाक्यात कारंजं होणार होतं, पण पाणी कधी आलंच नाही. उन्हाळ्यात तिथे कोणी फिरकत नाही. पण लखनौचा हिवाळा ही वेगळी गोष्ट आहे. आठवडा आठवडा धुकं उठत नाही, घरं आतून गारठून जातात, रजईतून हात बाहेर काढायचा म्हणजे मनाची तयारी लागते. मग एखाद्या दिवशी ऊन पडतं. आमच्या गल्लीत सगळ्यांनी घरांवर मजले चढवल्यापासून ते ऊन जमिनीपर्यंत पोचतं ते फक्त बागेत. त्या दिवशी सगळी गल्ली तिथे. मांडीवर परात घेऊन मटार सोलायचे, मिरची-कोथिंबीर वाटलेल्या हिरव्या मिठाबरोबर शेंगा खायच्या, संत्र्याची सालं एकमेकींच्या डोळ्यांसमोर पिळायची, आणि जी आली नाही तिच्याबद्दल बोलायचं. तिथे एक कुत्राही असायचा. पिवळट, पोक्त, एका भांडणात कान फाटलेला. त्याला नाव नव्हतं. बिनानावाचाच तो सगळ्यांचा होता.

गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर एके सकाळी बागेच्या फाटकाला कुलूप दिसलं आणि शेजारी एक पाटी. सौंदर्यीकरणाचं काम सुरू आहे, असं पाटी म्हणत होती. आम्ही वाट पाहिली. सौंदर्य काही आलं नाही. मग कळलं की बाग कुणा एका क्लबाला द्यायचं घाटतंय. सभासदांसाठी कॉफी, मुलांचे वाढदिवस, छत्र्या वगैरे. गल्लीने अर्ज दिले. ते पोचले, आणि जिथे पोचले तिथेच राहिले.

आमच्या खाली, तळमजल्यावर, एक बाप-लेक राहतात. वडील मूळचे अमरावतीकडचे, इथल्या एका संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ. किड्यांच्या पंखांवर काम करतात, दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून. बोलणं कमी. रोज सकाळी रात्रीची उरलेली पोळी घेऊन बागेपर्यंत जायचे, कुत्र्याला घालायचे आणि परत यायचे, एवढाच त्यांचा समाजाशी संबंध. मुलीची आई ती लहान असतानाच गेली. मुलगी चित्रकलेच्या महाविद्यालयात शेवटून दुसऱ्या वर्षाला. मी तिच्याशी मराठीत बोलते, ती मला हिंदीत उत्तर देते, आणि आम्हा दोघींना वाटतं आपण एकाच भाषेत बोलतोय.

तर या मुलीने एका रविवारी भरदिवसा बागेच्या बाहेरच्या भिंतीवर बाग काढली. आत होती तशीच्या तशी. कडुनिंब, बाक, परात घेतलेल्या बायका, समोरून बघणारा तो कुत्रा. आणि फाटकावर झाडाएवढं कुलूप. आमच्या समोरच्या घरातल्या भाभीजी, वय सत्तरीचं आणि जन्म इथलाच, त्या चित्रात मटारची शेंग कुलपात घालून ते उघडायचा प्रयत्न करताना दाखवल्या होत्या. भाभीजी स्वतः खुर्ची टाकून समोर बसल्या होत्या आणि सूचना देत होत्या.

"बिटिया, नाक थोड़ी छोटी कर दो. कुलूप जितना बड़ा है, उतना ही रहने दो."

'कुलूप' हा शब्द त्या माझ्याकडून शिकल्या आणि मराठीतला हा एकच शब्द त्या सढळपणे वापरतात.

मंगळवारी भिंतीला चुना लागला. चुना वाळायच्या आत त्यावर एक कागद चिकटवला गेला: या प्रभागात भिंत, फाटक, खांब, झाड यांवर कोणीही चित्र, घोषणा किंवा कागद लावू नये, कापडी फलक धरू नये, अन्यथा कारवाई. कागद भिंतीवरच लावलेला होता. मी हे मोठ्याने म्हणाले, तेव्हा माझ्या नवऱ्याने मला कोपराला धरून घरी आणलं.

मुलीला चौकीवर बोलावलं. वडील बरोबर गेले. तिथे कोणी ओरडलं नाही. चहासुद्धा दिला. फक्त म्हणाले, "आप सरकारी मुलाज़िम हैं, समझदार हैं, बच्ची को समझाइए." वडील "जी" म्हणाले. महाविद्यालयात तिने याच बागेचं एक मोठं चित्र प्रदर्शनासाठी दिलं होतं. ते काढून टाकलं नाही, सभ्य लोक होते. त्याचं तोंड भिंतीकडे करून ठेवलं.

मग एका संध्याकाळी ती माझ्याकडे आली आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, "काकू, बैंक की परीक्षा के लिए कौन-सी किताब अच्छी है?"

मी हातातली पळी खाली ठेवली. कोणी मला म्हणालं असतं की काकू, विहीर कुठली खोल आहे, तरी मी इतकी दचकले नसते.

"आणि कॉलेज?"

"जनवरी के बाद नहीं जाऊँगी. अगले साल की फ़ीस नहीं भरनी. पापा से बात हो गई है."

रंग तिने सुटकेसमध्ये भरून पलंगाखाली सरकवले होते. ते चित्रही परत आणून तिथेच, पालथं.

दुसऱ्या दिवशी जिन्यात मी वडिलांना गाठलं. ते कुलूप लावत होते, त्यांच्या स्वतःच्या दाराचं.

"भाऊजी, ती चित्र सोडतेय."

"वहिनी, बँक चांगली असते. तुम्हीच बघा ना. वेळेवर पगार, वेळेवर घरी."

"मी बँकेत आहे म्हणूनच सांगते. ती मुलगी तिथे नोटांवर मिशा काढत बसेल."

ते हसले नाहीत. "आपण बाहेरची माणसं," ते म्हणाले. "माझ्या निवृत्तीला थोडी वर्षं आहेत. तिला माझ्याशिवाय कोणी नाही. उद्या काही झालं तर मी कोणाकडे जाऊ?" आणि चपला घालून गेले. मी जिन्यात उभी राहिले. बाहेर धुकं इतकं होतं की पायरीवरून उतरताच ते दिसेनासे झाले.

इथे आमच्या मराठी मंडळाची ओळख करून द्यायला हवी. कोणी बँकेत, कोणी सरकारी कंपनीत, कोणी संशोधनात, असे बदलीने आलेले आणि इथेच राहून गेलेले आम्ही लोक. गणपती सोडले तर वर्षभर आमचं मंडळ फोनवर एकमेकांना फुलांची चित्रं पाठवत पडून असतं. संक्रांत आली की मात्र हळदीकुंकवासाठी उठून बसतं. दर वर्षी एकीवर वाण ठरवायची पाळी येते. आजवर चहाच्या गाळण्या झाल्या, साबणाच्या डब्या झाल्या, एका उत्साही बाईने डास मारायच्या बॅटी वाटल्या होत्या. या खेपेला पाळी माझी होती.

वाणाची एक गंमत आहे. ते नाकारता येत नाही. भेटवस्तूला माणूस "अहो कशाला" म्हणतो, वाणाला नाही म्हणत. चमचा द्या की खराटा द्या, समोरची बाई पदर पुढे करते, कपाळाला लावते, घरी नेते. आणि टाकूनही देत नाही, वापरते. मी भाजी आणायला निघाले होते आणि चुन्याच्या भिंतीसमोर उभी राहून तो कागद पुन्हा वाचत होते. भिंत, फाटक, खांब, झाड, कापडी फलक. पोळी त्यात नव्हती.

डबा घेऊन कामाला जाणाऱ्या मराठी माणसाच्या पोळ्या कशात गुंडाळलेल्या असतात? फडक्यात. ते फडकं रोज दुपारी कुठे उघडतं? बँकांत, कारखान्यांत, प्रयोगशाळांत, सरकारी टेबलांवर. चार पोळ्या वर आणि चित्र खाली. माणूस खात जाईल आणि बाग उघडत जाईल. मला इतका आनंद झाला की मी भाजीवाल्याशी घासाघीस न करता मुळे घेतले.

मुलगी म्हणाली, "काकू, मैं नहीं बनाऊँगी."

"काढू नकोस. काढलेलं दे. ते पलंगाखालचं."

"उसका क्या करेंगी?"

"वाण."

ती लहानपणापासून आमच्या हळदीकुंकवांना येत होती. तिला कळायला एक क्षण लागला. मग बऱ्याच दिवसांनी तिच्या ओठाचा एक कोपरा हलला. तिने चित्र ओढून काढलं, धूळ झटकली आणि त्यावरून बसल्या बसल्या कागदावर एक लहान आकृती रेखून दिली. "पापा को मत बताइएगा."

"तुझ्या पप्पांना हळदीकुंकवाचं आमंत्रण नसतं."

आता माझा शहाणपणा ऐका. लखनौ म्हणजे चिकनचं भरतकाम, हे मला माहीत होतं. चौक नावाच्या जुन्या भागात लाकडी ठशांनी कापडावर निळी नक्षी छापून देतात, हेही मी पाहिलं होतं. तेव्हा मी तिथे गेले, ठसा कोरून घेतला आणि छापणाऱ्याला पांढऱ्या कापडाचे चौकोन दिले. त्याने पहिला ठसा मारला. इवलीशी निळी बाग उमटली. शेंग घेतलेल्या भाभीजी, झाडाएवढं कुलूप, कान फाटलेला कुत्रा. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. त्याने भरतकामाचं विचारलं, "कढ़ाई किससे कराएँगी?"

"कढ़ाई-वढ़ाई कुछ नहीं. ऐसे ही चाहिए."

"ऐसे ही?"

"ऐसे ही."

त्याने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि पुढचा ठसा मारला. गिऱ्हाइकाशी वाद घालणं तिथल्या रीतीत बसत नाही.

हळदीकुंकू आमच्या गच्चीवर झालं. आमच्याकडे येणारीला कुंकू लावताना नवरा आहे का, होता का, हे कोणी विचारत नाही, आणि ती मराठी आहे का हेही नाही, त्यामुळे भाभीजी खुर्चीसकट आल्या होत्या. तिळगूळ, ओले हरभरे, उखाणे. आणि साहेबांची बायको. साहेब म्हणजे ज्यांची सही त्या भिंतीवरच्या कागदाखाली होती ते. हो, आमच्याच मंडळातले, सोलापूरचे. गणपतीच्या आरतीत सगळ्यांत मोठा आवाज त्यांचाच. त्यांच्या बायकोच्या ओटीत मी रुमाल घातला आणि लगेच तिळगुळाची वाटी पुढे केली. तिने रुमाल उलगडला. पाहिला. मग मला पाहिलं.

"हा कुत्रा आमच्या दारात पण येतो हो," ती म्हणाली, आणि घडी करून पर्समध्ये ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बँकेत मी डबा उघडला. मला घाई होती. सकाळी पोळ्या तव्यावरून थेट रुमालात गेल्या होत्या, चांगल्या वाफेच्या. शेजारच्या टेबलावरचे त्रिवेदीजी (हे त्यांचं नाव नव्हे, त्यांच्या चेहऱ्याला शोभतं म्हणून दिलं) वाकून बघू लागले.

"मैडम, आपकी रोटी पर कुत्ता है."

होता. निळा, स्वच्छ, फाटक्या कानासकट. शेजारी भाभीजींची शेंग. रुमालावरची शाई वाफेने सुटून पोळीवर बसली होती. तेवढ्यात फोन सुरू झाले. एकीच्या नवऱ्याने पोळी अख्ख्या ऑफिसात फिरवली होती. एकीने विचारलं, शाई विषारी आहे का, कारण नवऱ्याने पोळी खाल्ली. एकीच्या नवऱ्याला वाटलं ही लग्नाच्या वाढदिवसाची आठवण करून द्यायची नवी पद्धत, आणि तो बिचारा मिठाई घेऊन आला. आम्ही शहरातलं पहिलं चित्रप्रदर्शन भरवलं होतं जे लोक भाजीबरोबर संपवत होते.

मी घाबरून भाभीजींकडे धावले. त्या हसून हसून खोकू लागल्या.

"अरे, ये तो कच्ची छपाई है. नील और गोंद. इस पर कढ़ाई करते हैं, फिर धो देते हैं, छपाई उड़ जाती है. इतने बरस लखनऊ में रहकर इतना नहीं जाना आपने? खाने से पेट में बाग़ उग आएगा, और कुछ नहीं होगा."

म्हणजे मी मोठ्या थाटात वाटलं ते पहिल्या धुण्यात नाहीसं होणारं होतं. निम्म्या जणींनी तोवर धुऊनही टाकलं होतं. त्यांच्या हातात कोरे पांढरे चौकोन. भिंतीला चुना लावायला जेवढे कष्ट पडले, तेवढेही मी इथे कोणाला पडू दिले नव्हते.

त्या संध्याकाळी जिन्यात वडील भेटले. मी भिंतीला चिकटले.

"वहिनी, आज सहकाऱ्याच्या पोळीवर बाग होती."

"हो का?"

"उलटी उमटली होती," ते म्हणाले आणि आत गेले. दार मात्र हळू लावलं.

उपाय भाभीजींनीच काढला, आणि तो अगदी सरळ होता. जे धुऊन जाणार आहे त्यावर टाके घाला. ज्यांचे रुमाल शाबूत होते त्या सुई-दोरा घेऊन निघाल्या. ज्यांचे कोरे झाले होते त्यांना मी चौकातून पुन्हा छापून आणून दिले. ऊन पडलं. बाग बंद, म्हणून बागेच्या फाटकाबाहेर फुटपाथवर चटया पडल्या. मराठी बायका आणि गल्लीतल्या बायका शेजारी शेजारी भरत बसल्या, आणि तिथे जे झालं त्याला मी सांस्कृतिक देवाणघेवाण म्हणणार नाही.

"इतना मोटा टाँका? बोरी सिल रही हैं आप?"

"मजबूत असतं आमच्याकडे. नाजूक हवं तर जाळीचं घ्या."

"अच्छा, कुत्ता है ये? हम समझे गोभी है."

रोजचा गस्तीचा शिपाई आला. सायकल टेकवून उभा राहिला. "माताजी, ये क्या हो रहा है?"

"कढ़ाई," भाभीजी म्हणाल्या.

"फ़ोटो किस चीज़ की है?"

"बाग़ की. देखा होगा तुमने, यहीं कहीं था."

त्याने कुलपाकडे पाहिलं, भिंतीवरच्या कागदाकडे पाहिलं, मनातल्या मनात वाचला असावा. भरतकाम त्यातही नव्हतं. मग तो थोडा रेंगाळला आणि म्हणाला की त्याच्या बायकोलाही येतं, ती शहराबाहेर बख्शी का तालाबच्या बाजूला राहते, एक रुमाल मिळेल का. मिळाला.

मुलगी रोज त्याच फुटपाथवरून जायची. पहिल्या दिवशी मान खाली घालून गेली. दुसऱ्या दिवशी वेग कमी झाला. मग एकदा ती माझ्या मागे येऊन थांबली. मी कुत्र्याच्या शेपटीत होते.

"काकू, पूँछ ऐसी नहीं है उसकी."

"तुला काय करायचंय? तू व्याजाची गणितं कर."

ती अजून थोडी थांबली. मग तिने बॅग खाली ठेवली, माझ्या हातातून रुमाल घेतला, उसवला, आणि पेन्सिल मागितली. त्या आठवड्यात तिने कोऱ्या चौकोनांवर हाताने बागा काढल्या, प्रत्येकीला वेगळी. एकीला बाकासकट, एकीला कोरड्या टाक्यात पोहणाऱ्या बायका. घरी मात्र सुटकेस पलंगाखालीच होती, आणि बँकेचं पुस्तक उशाशी. वडिलांना ती काही बोलली नाही, आणि मीही नाही. सगळा खेळ तिथे अडला होता. बापाने हो म्हटल्याशिवाय ती फी भरणार नव्हती, आणि फीची मुदत संपत आली होती.

आणि मग साहेबांचं बोलावणं आलं. वडिलांना. मुलीसह.

मला कोणी बोलावलं नव्हतं. मी जांभळी पैठणी नेसून गेले.

साहेबांच्या टेबलावर कागद कमी आणि रुमाल जास्त होते. बाजूच्या छोट्या टेबलावर त्यांचा जेवणाचा डबा, बंद. बाबू दाराशी उभा. वडील खुर्चीच्या अगदी कडेवर बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर. मुलगी त्यांच्या मागे उभी.

"ये चित्र किसने बनाया है?" साहेबांनी ऑफिसच्या आवाजात विचारलं.

"मी," मी म्हटलं.

"मॅडम, तुम्हाला विचारलं नाही."

"पण काढलं मी. वाणखरेदी प्रमुख मी, कट माझा, ठसा माझा."

साहेबांनी माझ्यापुढे कागद आणि पेन सरकवलं. "काढा कुत्रा."

मी काढला. मन लावून काढला. बाबू पुढे वाकला आणि आदराने म्हणाला, "सर, बकरी अच्छी है."

साहेबांनी बाबूला पाणी आणायला पाठवलं आणि मराठीत आले. "वहिनी, थट्टा नको. वरून विचारणा आहे. क्लबवाल्यांची माणसं समोर बसली होती आणि मी डबा उघडला. मी. माझ्याच डब्यात. त्यांच्यातल्या एकाने फोटो काढला." त्यांनी श्वास घेतला. "घरी बोलायची सोय नाही. आई दोन महिने उन्हात बसली नाही म्हणून माझ्याशी बोलत नाही, आणि बायको आता त्या रुमालावर हिरवा दोरा घालतेय."

क्षणभर मला वाटलं, सुटलो. पण माणूस दमला की नियमांत शिरतो. साहेबांनी फोनवरचा तो फोटो काढला, त्यांची पोळी, आणि शेजारी रुमाल ठेवला. चष्मा चढवला. एकदा इकडे, एकदा तिकडे. आणि त्यांना काहीतरी सापडलं. त्यांचा आवाज पुन्हा ऑफिसचा झाला.

यानंतर जे घडलं त्याच्यापुढे काही सांगण्यात अर्थ नाही, म्हणून त्यापुढचं आत्ताच सांगून टाकते. बाग आता सकाळपासून दिवेलागणीपर्यंत उघडी असते. कोणाच्या हुकमाने, ते कोणी विचारत नाही. क्लब रद्द झालेला नाही, कुठल्याशा कपाटात आहे. भिंतीवरचा कागदही आहे, उन्हाने पिवळा पडलाय. वडिलांना संस्थेत एकदा बोलावून विचारलं गेलं. ते अजून दार लावताना दोनदा कुलूप ओढून बघतात. फी त्याच दिवशी भरली गेली. मुलीने शेवटच्या वर्षासाठी बागेची भरलेली चित्रं दिली आहेत, भिंतीवर टांगून नव्हे. टेबलांवर जेवणाचे डबे मांडून, प्रत्येकात रुमाल, वर पोळ्या. बघायचं असेल तर पोळी उचलावी लागते. डब्यांची तोंडं भिंतीकडे करून कोणाला काही साधण्यासारखं नाही. बँकेचं पुस्तक माझ्याकडे आहे, हवं असल्यास कोणीही न्यावं.

तर साहेब चष्म्याच्या वरून वडिलांकडे बघत म्हणाले, "बघा. पोळीवरच्या कुत्र्याचा उजवा कान फाटका आहे. रुमालावरच्याचा डावा. म्हणजे काढणारे दोन आहेत. ही एकट्यादुकट्याची गोष्ट नाही, ही टोळी आहे, आणि आम्हाला नावं पाहिजेत."

मुलीने माझा हात धरला. वडील पुढे वाकले. ते खाली रुमालाकडे बघत होते, मग फोनकडे, मग पुन्हा रुमालाकडे, सूक्ष्मदर्शकात बघतात तसे. गप्प राहायचं ठरवूनच आले होते ते, मला माहीत आहे. पण समोर एवढी ढळढळीत चूक होती, आणि कुत्र्याला रोज सकाळी पोळी घालणारा माणूस तोच होता. ते उठून उभे राहिले आणि बाहेरच्या बाबूलाही ऐकू जाईल अशा आवाजात त्यांच्या तोंडून निघून गेलं:

"टोळी नाही साहेब, वाफेने उलटं उमटलंय, कुत्रा एकच आहे, त्याचा डावाच कान फाटका आहे, आणि माझ्या मुलीनं तो बरोबर काढलाय."